दगडी टेबलांची खालची बाजू

कॉब्स फोर्ड, अर्कान्सस
१८ मार्च १९९४

ती. ऑर्फाआत्यास,
ग्लेंडाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. विचिटाच्या नव्या घरात तुला दक्षिणेकडच्या खिडकीची खोली मिळाली, हे वाचून बरं वाटलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा आपलं पत्रांचंच बरं आहे. तिथल्या म्हाताऱ्या पत्त्यांत लबाडी करतात असं तू लिहिलंस. मी तुला चांगली ओळखते, त्यामुळे मला त्यांचीच काळजी वाटली.

फेब्रुवारीत इकडे बर्फाचं वादळ झालं ते तुला डॉयलनं कळवलंच असेल. झाडं काचेची झाल्यासारखी दिसत होती, आणि मग एकेक फांदी मोडत गेली. चर्चमागच्या दफनभूमीतल्या ओकची मोठी फांदी नेमकी जेवणाच्या दगडी टेबलांवर पडली. यंदा टेबलांचं काम माझ्याकडे आहे. फ्लॉसी क्राउजचं खुब्याचं हाड मोडलं, आणि चर्चच्या समितीतल्या बायकांनी माझ्याकडे बघून एकदम मान डोलावली. ग्रंथालयात बसून मी दिवसभर काय करते असं त्यांना नेहमीच वाटत आलंय. मे महिन्यात कबरी सजवायचा रविवार येईल, सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरी झाडून, फुलं ठेवून जेवायला बसेल, त्याआधी टेबलं नीट व्हायला हवीत. म्हणून परवा मी बघायला गेले.

दोन लाद्या खाली घसरल्या होत्या. एक उभी राहिली होती, टेकून ठेवल्यासारखी. तुला आठवतं, लहानपणी तू आणि आजी आम्हांला त्या टेबलांच्या खाली जाऊ द्यायच्या नाहीत? खाली तांबड्या डोक्याचे साप असतात म्हणायच्या. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, पण पुढे व्हायच्या आधी काठी आपटली. साप नव्हता. लादीच्या खालच्या बाजूला अक्षरं होती.

टेंपी, रॅन्सम गेदर यांची पत्नी. जन्म अमुक, मृत्यू १९०७. त्याखाली एकमेकांत गुंफलेले दोन हात. आणि डाव्या कोपऱ्यात एक लहानसा पक्षी, शेपटी वर केलेला. आत्या, हाच पक्षी आपल्या पणजोबांच्या दगडावर आहे. मी लहानपणी त्यावर बोट फिरवत असे.

हे थडग्याचे दगड आहेत. आपण थडग्यांच्या दगडांवर जेवतो. मी त्या जागी बसले आणि मला आठवलं ते सगळं खाणं, बटाट्याचं सॅलड, भरली अंडी, तुझा नारळाचा केक. घरी येऊन मला उलटी झाली. एडनं विचारलं, काय खाल्लंस?

आणखी एक. गेल्या शरद ऋतूत सेंट लुईहून एक काळी बाई ग्रंथालयात आली होती, आयडेला गेदर नावाची. शाळेतून निवृत्त झालेली, ताठ बसणारी, हातमोजे न काढणारी. आपले आजोबा-पणजोबा या गावचे, त्यांच्या कबरी कुठे असतील, असं तिनं विचारलं. मी सगळं शोधलं आणि सांगितलं, की या काउंटीत काळी माणसं कधी राहतच नव्हती. मला तसंच ठाऊक होतं. तिनं पत्ता लिहून ठेवला आणि ती गेली.

तू त्या टेबलांच्या सुरुवातीच्या दिवसांतली. हे दगड कुठून आले? सांग. तुझ्याशिवाय विचारायला आता कुणी उरलेलं नाही.

माझ्यावर माया आहेच, ती हे पत्र वाचूनही तशीच ठेव.

तुझी,
ग्लेंडा

---

विचिटा
२९ मार्च १९९४

चि. ग्लेंडास,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र इथल्या नर्सनं आणून दिलं आणि माझा चष्मा सापडेपर्यंत दुपार गेली. इथे सगळं ठीक. जेवणात मीठ नाही, बायकांत अक्कल नाही, पण खिडकी चांगली आहे.

तू अगदी तुझ्या आईवर गेलीस. तिलाही जिथे काही नाही तिथे काहीतरी दिसायचं. अगं, दगड घडवणाऱ्याच्या हातून दगड बिघडतात. नाव चुकतं, कड उडते, गिऱ्हाईक घेत नाही. असे बिघडलेले दगड खाणीजवळ पडून असायचे. माणसं काटकसरी होती, त्यांनी ते आणून टेबलं केली. टाकून दिलेला दगड कामी आणला यात उलटी होण्यासारखं काय आहे? तू सकाळी काही खात नाहीस, तिथून सगळं सुरू होतं.

त्या सेंट लुईच्या बाईला काही लिहू नकोस. म्हाताऱ्या माणसांना काहीतरी शोधायचा नाद लागतो. मीच बघ, सकाळपासून चष्मा शोधते.

डॉयलच्या स्ट्रॉबेऱ्या यंदा कशा आहेत? त्या मळ्यासारखी फळं मी दुसरीकडे कुठे खाल्ली नाहीत. मुरंबा झाला की दोन बाटल्या पाठव, आणि साखर कमी घालू नकोस, तुझ्या त्या नव्या फॅशनप्रमाणे. लाद्या एडला सांगून परत वर ठेवून घे. आणि खाली हात घालू नकोस, साप असतात ते काही खोटं नाही.

आमच्या जावयाला, एडला, माझी आठवण सांग. आत्याची माया कमी होत नसते, फक्त लिहायला हात दुखतो.

ऑर्फाआत्या

---

कॉब्स फोर्ड
१० एप्रिल १९९४

ती. ऑर्फाआत्यास,
ग्लेंडाचा सा. न. वि. वि.

मुरंबा अजून व्हायचाय. स्ट्रॉबेरीला फुलं आली आहेत, डॉयल खूश आहे.

तुझ्या पत्रानं मला एक दिवस खरंच हलकं वाटलं. बिघडलेले दगड. मी एडलाही वाचून दाखवलं. मग दुसऱ्या दिवशी बॅटरी घेऊन गेले, गवतावर जुनी चादर टाकली आणि पाठीवर झोपून एकेका टेबलाच्या खाली सरकत गेले, मोटार दुरुस्त करणारे सरकतात तशी. एड बाहेर उभा राहून कुणी येतंय का बघत होता. आम्ही दोघं चोर असल्यासारखे.

सगळे तसेच आहेत, आत्या. एकूण एक. नावं बरोबर आहेत, कडा शाबूत आहेत. एका लादीवर फक्त कोकरू कोरलंय आणि लिहिलंय, बाळ, तीन दिवस. आणि प्रत्येकीचा खालचा हातभर भाग गडद आहे, मातीत पुरलेला राहिला की होतो तसा. वरचा भाग ऊनपावसानं फिका पडलेला. हे दगड उभे होते. कुणाच्यातरी उशाशी उभे होते, आणि ते उपटून आणलेत. तू मला खोटं सांगितलंस. तेही मुरंब्याच्या दोन ओळींआधी.

मी पास्टर क्राउजना नेऊन दाखवलं. ते गुडघ्यावर बसले, वाचलं, पँटची माती झटकली आणि म्हणाले, की हे फार दुःखद आहे, पण रविवार तोंडावर आलाय, लोक लांबून येतात, तेव्हा यंदा नेहमीसारखं होऊ द्यावं आणि पुढच्या वर्षी घडीची टेबलं घ्यावीत. या लाद्या मग कुठेतरी सन्मानानं पुरून टाकू म्हणाले. मी म्हटलं, पुन्हा? तर ते म्हणाले, मी दमलेली दिसते.

डॉयल तर चिडलाच. म्हणतो, तुला आयुष्यात काही करायला नाही म्हणून मेलेल्यांच्या मागे लागलीस. म्हणतो, मी कुणाला मारलं नाही, तू कुणाला मारलं नाहीस, मग आपण का जेवू नये? मी विचारलं, तुला माहीत होतं का? तो म्हणाला, त्यात माहीत असण्यासारखं काय आहे, सगळ्यांनाच थोडंथोडं माहीत असतं. हे बोलताना तो सँडविच खात होता. त्याच्या हनुवटीला अंडं लागलं होतं. माझा सख्खा भाऊ, मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

मी आयडेलाबाईंना लिहिलं. सगळं लिहिलं, टेंपीचं नावही. टेंपी त्यांची पणजी. त्यांचं उत्तर आलं, फार लहान. आभार मानले, आणि एकच विचारलं, दगड सापडले, पण माणसं कुठे आहेत?

दगड आणले तिथे कबरी असणारच. मी सगळा गाव पालथा घातला, कुणी बोलत नाही. म्हाताऱ्या बायका पाणी पिते म्हणून आत जातात आणि परत येत नाहीत. आत्या, हे तुला ठाऊक आहे. टेंपी गेदरला कुठे पुरलंय? मी या वेळी गोड बोलून विचारत नाही.

राग आलाय तरी लोभ तुटलेला नाही. तूही तोडू नकोस.

ग्लेंडा

---

विचिटा
२४ एप्रिल १९९४

चि. ग्लेंडास,
आशीर्वाद. वि. वि.

दहा दिवस तुझं पत्र उशीखाली ठेवलं. उत्तर देणार नव्हते. मग वाटलं, ही पोरगी गावभर विचारत फिरणार आणि कुणीतरी अर्धवट सांगणार, त्यापेक्षा मीच सांगावं.

माझा जन्म १९१४ चा. मी काही पाहिलेलं नाही. आईनं, म्हणजे तुझ्या आजीनं, मला एकदाच सांगितलं, तेही माझं लग्न ठरल्यावर, भांडी घासताना. गिरणीच्या खाली ओढ्याकाठी काळ्यांची वस्ती होती. चर्च होतं, शाळा होती. रॅन्सम गेदर दगड घडवायचा, गोऱ्यांचे आणि काळ्यांचे सारखेच. १९०९ च्या जानेवारीत कुणीतरी कुणालातरी काहीतरी केलं अशी बातमी उठली. काय ते आईला कधीच नीट कळलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही. बुधवारच्या प्रार्थनेनंतर आपल्या चर्चची माणसं तशीच खाली गेली. प्रार्थनेचेच कपडे अंगावर. आधी त्यांचं चर्च पेटवलं, मग घरं. लोक ओढ्याच्या गार पाण्यातून पलीकडे रेल्वेच्या रुळांकडे चालत गेले. रॅन्सम गेला नाही. तो आपल्या कामाच्या खोपटाच्या दारात उभा राहिला. तिथेच त्याला गोळ्या घातल्या. त्याचं पुढे काय केलं ते आई म्हणाली नाही.

माझे वडील बंदूक घेऊन गेले नव्हते, कंदील घेऊन गेले होते. आई आयुष्यभर हे सांगायची, जणू तेवढ्यानं काही फरक पडतो.

पुढच्या वर्षी बायकांनी टेबलांची मागणी केली. पावसात लाकडी फळ्या कुजायच्या. पुरुषांनी खेचरं जुंपली आणि दगड आणले. खांब बांधले, लाद्या उलट्या ठेवल्या, आणि आई म्हणायची, त्या मे महिन्यात इतकं छान जेवण झालं. सापांची गोष्ट आईनंच काढली. मी पाच वर्षांची असताना त्या सापांना न घाबरता खाली जाऊन झोपले होते, सावली छान होती. मला नुकतंच वाचता येऊ लागलं होतं. वर बघून मी मोठ्यानं वाचलं, टेंपी. एवढंच. वडिलांनी पाय धरून बाहेर ओढलं आणि चामड्याच्या पट्ट्यानं मारलं. त्यानंतर मला साप दिसू लागले.

झालं समाधान? आता तूही ऐक. तू त्याच टेबलावर वाढलीस. तुझ्या लग्नानंतरचं पहिलं जेवणही तिथलंच, आणि तू दोनदा वाढून घेतलं होतंस. तुझा घास वेगळा आणि आमचा वेगळा, असं नाही.

आणि कुठे पुरलंय ते मी सांगणार नाही. ती जमीन आता माझी नाही. ज्यांची आहे त्यांना लेकरंबाळं आहेत, त्यांचं पोट तिच्यावर आहे. मेलेली माणसं जिथे आहेत तिथे शांत आहेत. मला विचारू नकोस.

आशीर्वाद आहेतच. तुला ते हवेत की नकोत ते तू ठरव.

ऑर्फा

---

कॉब्स फोर्ड
१६ मे १९९४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल रविवार झाला. तुला सगळं सांगते, कारण हे कुणापाशीतरी ओकल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि ते तुझ्यापाशीच ओकायला हवं.

टेबलांचं काम माझ्याकडे होतं, हे समितीनंच ठरवलेलं. मी ते केलं. शनिवारी शेजारच्या काउंटीतून क्रेनवाला बोलावला. गावातला कुणी आला नसता. त्यानं कशाला वगैरे काही विचारलं नाही. पहिली लादी पालथी केली आणि वाचल्यावर मात्र त्यानं टोपी काढून ट्रकमध्ये ठेवली, आणि उरलेलं काम बोडक्या डोक्यानं केलं. त्या लाद्या उभ्या करायला जागा नव्हती, कुठे करायच्या ते मला माहीत नाही, तुझ्यामुळे. म्हणून त्याच खांबांवर ठेवल्या, पण नावं वर करून. एडनं आणि मी पाण्यानं आणि मऊ ब्रशानं धुतल्या. संध्याकाळी उन्हात ती अक्षरं अशी स्वच्छ दिसत होती, आत्या. पक्षी सगळ्यांवर आहे. रॅन्समची ती सही असणार.

मला वाटलं होतं, लोक बघतील आणि थांबतील. रागावतील, मला शिव्या देतील, रडतील, काहीतरी करतील. ताटं घेऊन घरी जातील असंही वाटलं होतं. या वयात मी इतकी भोळी असेन असं मला वाटलं नव्हतं.

लोक आले. आधी नेहमीसारख्या कबरी सजवल्या. मग टोपल्या घेऊन टेबलांकडे आले आणि उभे राहिले. वाचलं. सगळ्यांनी वाचलं, मी त्यांचे ओठ हलताना पाहिले. फ्लॉसी क्राउज दोन कुबड्यांवर आली होती. ती म्हणाली, अन्न गार होतंय. आणि तिच्या सुनेनं पांढरी चादर काढली, झटकली आणि टाकली टेंपीवर. हातानं सारखी केली. सुरकुती राहू नये म्हणून दोन्ही तळव्यांनी नीट ओढली. मग सगळ्यांनीच चादरी काढल्या.

चादर पातळ होती. अक्षरांचे खळगे वरून दिसत होते. त्यावर त्यांनी तळलेली कोंबडी ठेवली, घेवडा ठेवला, मक्याचा ब्रेड ठेवला. बाळाच्या लादीवर चहाचं पिंप ठेवलं, कारण तीच टोकाला आहे आणि सावलीत आहे. सॅलडचा वाडगा एका नावावर डगमगायला लागला, तेव्हा कुणीतरी त्याखाली कागदी रुमालाची घडी सरकवली. डॉयलनं प्रार्थना म्हटली. या अन्नाबद्दल आणि या अन्नाला लागलेल्या हातांबद्दल आभार. मग ते जेवले. चावताना येतो तो आवाज मी आयुष्यात इतका लक्ष देऊन कधी ऐकला नव्हता. हाडं चोखत होते, बोटं चाटत होते, पाककृती विचारत होते. कुणीतरी म्हणालं, यंदा हवा काय छान आहे.

चेटकिणीकडे बघावं तसं माझ्याकडे बघत होते, पण अगदी सभ्यपणे. मला दोघीतिघींनी ताट आणून दिलं. मी ते हातात धरून उभी राहिले. डॉयलच्या धाकट्या मुलीनं मला विचारलं, की आता टेबलं उलटली, तर खालचे साप कुठे गेले? मी तिला म्हटलं, वर बसून जेवतायत. डॉयलनं ऐकलं. आता तो माझ्याशी बोलत नाही.

शेवटी त्यानं स्ट्रॉबेरीच्या टोपल्या आणल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लाल रस चादरीवर सांडला आणि खाली खळग्यांत उतरला. मी ताट गवतात ठेवलं आणि चालत घरी आले. अंगाला वास येतोय असं वाटत होतं. दोनदा अंघोळ केली.

आज सकाळी पास्टरनी लाद्यांवर निळी ताडपत्री बांधलीये. जपण्यासाठी, म्हणाले.

मी आयडेलाबाईंना हे सगळं जसंच्या तसं लिहिणार आहे. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्यापाशी नाही. ते तुझ्यापाशी आहे आणि तू ऐंशी वर्षांची आहेस. ते तुझ्याबरोबर गेलं, तर रॅन्समच्या माणसांना ती जमीन पुन्हा कधीच सापडणार नाही, आणि हे लोक शंभर वर्षं जेवत राहतील.

तुझ्या उत्तराची वाट बघते. प्रेमाचं पुढे बघू.

ग्लेंडा

---

विचिटा
२५ मे १९९४

चि. ग्लेंडास,
आशीर्वाद.

नर्सला पत्र वाचायला लावलं, कारण चष्मा पुन्हा सापडेना. चादरीपाशी ती थांबली आणि म्हणाली, बाई, पुढचं वाचू का? ती काळी आहे. मला इतके दिवस ते लक्षातही आलं नव्हतं, म्हणजे आलं होतं, पण तू समजतेस. मी म्हटलं, वाच. तिनं शेवटपर्यंत वाचलं, कागदाची घडी घालून माझ्या मांडीवर ठेवली आणि खोलीबाहेर गेली. त्यानंतर माझी औषधं दुसरीच कुणी आणते.

वरची नावं वाचून, त्यांवर चादर टाकून जेवले. मला रात्रभर तेच दिसत होतं. आमच्या माणसांनी जे केलं ते केलं, पण दगड निदान उलटे घातले होते गं. उलटे घालायला थोडीतरी लाज लागते. आम्ही तेवढ्यावर ऐंशी वर्षं काढली, की आम्हांला लाज होती. आता तीही नव्हती असं दिसतं. मला माझीच किळस आली. माझ्या तोंडात ती चव आहे, दात काढून ठेवले तरी जात नाही.

डॉयलचा स्ट्रॉबेरीचा मळा. वरचं टोक, ओढ्याकडे उतरणारं, जिथली फळं सगळ्यात गोड असतात. तिथे ती माणसं आहेत.

कर थकलाय म्हणून लिलावात काढलेली ती जमीन माझ्या वडिलांनी घेतली. दगड निघाल्यावर तिथे नुसते खोलगट चर उरले होते, माणसाच्या लांबीचे. ओढ्यातली गाळमाती आणून ते भरले. ती माती कसदार. स्ट्रॉबेरी लावली. पण काळ्यांनी कबरींवर निळ्या फुलांची वेल लावलेली होती, जमिनीलगत पसरणारी. ती काही मरेना. वडील दर वसंतात ती उपटायचे, मग तुझे वडील उपटायचे, आता डॉयल उपटतो. त्याला विचार, कुदळीनं खणूनसुद्धा पुन्हा येते ती कुठली वेल. तो सांगेल, वैताग आहे. का आहे ते त्याला कळेल तेव्हा त्याच्या हनुवटीकडे बघ.

तुझ्याकडे मी वर्षानुवर्षं तिथल्या मुरंब्याच्या बाटल्या मागत आले. इथेही, मार्चमध्ये, तेच मागितलं. मला ठाऊक होतं आणि मी मागितलं.

रॅन्समचं मला खरंच माहीत नाही. त्याला टेंपीपाशी कुणी पुरलं असेल असं समजायची माझी इच्छा आहे, पण तेवढ्यानं ते खरं होत नाही.

हे त्या बाईंना लिही. माझं नाव घालून लिही. तुझ्याकडे काही मागत नाही.

ऑर्फा

---

सेंट लुई, मिझुरी
६ जून १९९४

श्रीमती ग्लेंडा टॅकेट यांस,
स. न. वि. वि.

तुमची दोन्ही पत्रं पोचली. दुसऱ्यासोबत तुमच्या आत्यांचं पत्र जोडलंत, ते बरं केलंत. मी ते माझ्या बहिणीला, मुलांना आणि चुलतभावंडांना मोठ्यानं वाचून दाखवलं. माझी आजी रॅन्समची मुलगी, तिनं गेदर हे नाव कधी सोडलं नाही आणि मुलांनाही तेच दिलं. त्या पाण्यातून चालत गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिनं आम्हांला आयुष्यभर एकच सांगितलं, माझ्या वडलांनी घडवलेलं काही मोडत नाही. आम्हांला वाटायचं, म्हातारी उगाच बढाई मारते.

आम्ही जूनच्या शेवटच्या शनिवारी येतो. तीसेक माणसं असू. वकीलही येईल, तो माझा पुतण्या आहे आणि त्याला भूक फार लागते, पण त्याच्या भुकेची काळजी तुम्ही करू नका. जेवण आम्ही आमचं आणू. तुमच्या चर्चच्या बायकांनी काही करू नये, थंड पाणीसुद्धा नको. टेबल लागणार नाही. आम्ही गवतावर बसू.

तुमच्या भावाला सांगा, त्या टोकाची फळं तोडू नका, झाडंही उपटू नका. आणि ती वेल या वर्षी उपटायची नाही. आम्ही येईपर्यंत तिला हवी तशी पसरू द्या. ती कुठवर जाते ते आम्हांला बघायचं आहे, हद्द तीच धरू. तो नाही म्हणाला तर तसं कळवा, मग पुतण्या एक दिवस आधी येईल.

तुमच्या आत्यांना प्रवास झेपत असेल तर आणा. त्यांच्याशी मला बोलायचं नाही. त्यांनी हातानं जागा दाखवावी आणि गाडीत बसावं. तुम्ही यायचं का, असं तुम्ही विचारलंत. या. तुम्ही काय करावं ते मात्र मला विचारू नका, ते मला सांगता येणार नाही.

दगड तुम्ही हलवू नका, तुमचा तो क्रेनवाला चांगला असला तरी. माझे मुलगे आणि भाचे उचलतील. तोवर एकच करा. आजच जाऊन ती निळी ताडपत्री काढा. त्यांना पाऊस लागू द्या. ते पावसात उभे राहण्यासाठीच घडवले होते.

कळावे,
आयडेला गेदर